टर्बो बसवलेल्या जुन्या गाडीत वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होते : आधी पंप बदलावा, इंजेक्टर की रेग्युलेटर?

प्रश्न : जुनेइंजिन

सर्वांना नमस्कार.

माझ्या जुन्या गाडीत दोन लिटरचे, चार सिलिंडरचे आणि आठ व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन आहे. गाडी मूळची कार्ब्युरेटरची. कार्ब्युरेटर काढून मल्टिपॉइंट इंजेक्शन आणि प्रोग्रॅम करता येणारा स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) बसवल्यानंतर ती बराच काळ टर्बोशिवाय समाधानकारक चालत होती. डिस्ट्रिब्युटरच्या जागी कॅम सेन्सर असल्यामुळे इंजेक्शन सीक्वेन्शियल आहे, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर एका चक्रात एकदाच उघडतो. अलीकडे त्यावर लहान टर्बो आणि इंटरकूलर बसवला असून बूस्ट (टर्बोने निर्माण केलेला हवेचा जादा दाब) सध्या ०.६ बारवर मर्यादित ठेवला आहे.

इंधनाची मांडणी अशी आहे. इंजेक्टर हाय इम्पीडन्सचे (जास्त विद्युतरोधाचे) असून ३ बार दाबाला मिनिटाला ३१० सीसी देतात. इंधनाचा दाब ठरवणारा रेग्युलेटर रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या, शेवटी आहे आणि त्याची व्हॅक्यूमची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली आहे. टाकी मूळचीच, इंधन हलण्यापासून रोखणारे पडदे आत नसलेली. पंप बाहेरच्या प्रकारचा असून तो डिकीच्या तळाखाली, टाकीच्या तळापेक्षा थोडा वर बसला आहे. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप मूळ कार्ब्युरेटरच्याच काळातला, आतून ६ मिमी व्यासाचा. पंपाला वीज गाडीच्या मूळ वायरिंगमधूनच मिळते.

अडचण अशी की पूर्ण थ्रॉटलला सुमारे ४५०० आरपीएमपर्यंत हवा-इंधन प्रमाण १२ च्या आसपास स्थिर राहते, पण त्यापुढे ते वर सरकू लागते (म्हणजे मिश्रण लीन होते, त्यात इंधन कमी पडते) आणि ५५०० ला १३.४ पर्यंत जाते. ईसीयूच्या तक्त्यात त्या भागातील इंधन वाढवले, ड्युटी सायकल (चक्रातील इंजेक्टर चालू ठेवण्याच्या वेळेचे प्रमाण) ९१ टक्क्यांवर गेली, तरी प्रमाणात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. उन्हात गाडी उभी करून पुन्हा सुरू केली तर आयडलही काही वेळ अडखळतो.

माझ्यासमोर तीन पर्याय मांडले गेले आहेत : रेग्युलेटरने दाब ३ बारवरून ४ बारवर नेणे, थेट १००० सीसीचे इंजेक्टर बसवणे, किंवा ताशी २५५ लिटरचा पंप घेणे. पुढेमागे १८० अश्वशक्तीपर्यंत जाण्याचा विचार आहे. यांपैकी कोणते काम आधी करावे, आणि बदल झाल्यानंतर ट्यूनिंग कोणत्या क्रमाने करावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


उत्तर : दाबमापक

नमस्कार. सर्वप्रथम एक विनंती : कारण सापडेपर्यंत ४५०० च्या वर पूर्ण थ्रॉटल देऊ नये. बूस्टखाली १३.४ हे प्रमाण धोकादायक आहे. ज्वलनाचे तापमान वाढते, नॉकिंग (मिश्रण अवेळी, स्फोटासारखे पेटणे) सुरू होते आणि पिस्टनच्या कडा किंवा रिंगांमधला भाग तुटायला फार वेळ लागत नाही.

आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे तक्त्यात इंधन वाढवूनही प्रमाण हलले नाही. इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवूनही इंधन वाढत नसेल, तर इंजेक्टरच्या मागे ते पुरेसे पोहोचतच नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हे आकड्यांनी पडताळून पाहू.

टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे ताशी साधारण २७० ग्रॅम इंधन लागते. टर्बो नसलेल्या इंजिनाला २२५ ते २३० ग्रॅम पुरते. टर्बोचा आकडा मोठा असण्याचे कारण म्हणजे तिथे थोडे जादा इंधन ज्वलनकक्ष थंड ठेवण्यासाठीच दिलेले असते. आपले इंजिन ०.६ बार बूस्टवर १५५ अश्वशक्तीच्या आसपास असावे असे धरले, तर ताशी सुमारे ४२ किलो, म्हणजे ५७ लिटरच्या आत, म्हणजेच मिनिटाला ९४० सीसी इंधन लागेल. आपल्या चार इंजेक्टरांची एकत्रित क्षमता १२४० सीसी आहे. म्हणजे इंजेक्टर चक्राच्या ७६ टक्के वेळ प्रत्यक्ष उघडे राहिले तरी हे काम व्हायला हवे होते. ५५०० आरपीएमला एक चक्र २१.८ मिलिसेकंदांचे असते. ९१ टक्के ड्युटीतून डेड टाइमचा (आदेश मिळाल्यावर इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत वाया जाणारा) सुमारे एक मिलिसेकंद वजा केला तरी इंजेक्टर चक्राच्या ८६ टक्के वेळ खरोखर उघडा आहे. तरीही प्रमाण १२ ऐवजी १३.४ आहे, म्हणजे इंधन सुमारे दहा टक्क्यांनी कमीच पडते आहे. हे सगळे जुळवून पाहिले तर इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधील दाबाचा फरक ३ बारऐवजी २ बारच्याही खाली गेलेला असावा, असे दिसते.

इथे मॅनिफोल्डची नळी महत्त्वाची ठरते. रेग्युलेटर हा फरक सदैव ३ बार ठेवण्यासाठी असतो. मॅनिफोल्डमध्ये ०.६ बार बूस्ट असताना रेलमध्ये ३.६ बार असला पाहिजे. आपल्या रेलमध्ये तो नाही, असा माझा कयास आहे. आणि तो मोजल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाब ४ बारवर नेण्याचा पर्याय तर या स्थितीत उलटाच पडेल. इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ३ वरून ४ बारवर गेल्यास कागदावर साधारण १५ टक्के वाढ मिळते. पण कोणताही इलेक्ट्रिक पंप दाब वाढला की कमी इंधन देतो आणि जास्त विद्युतप्रवाह ओढतो. जो पंप ३.६ बारला थकतो आहे, त्याच्याकडून ४.६ बार मागून काही साधणार नाही.

मोजणी तीन ठिकाणी करावी.

पहिली, रेलवरचा दाब. त्यासाठी इलेक्ट्रिक प्रेशर सेन्सर बसवून त्याची नोंद थेट ईसीयूच्या लॉगमध्ये घेणे सर्वांत चांगले. यांत्रिक गेज लावायचा झाल्यास तो बॉनेटखाली ठेवावा किंवा काचेबाहेर पक्का बांधावा. इंधनाची नळी केबिनमध्ये कधीही आणू नये.

दुसरी, पंपाच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज, पंप पूर्ण भाराखाली असताना. बॅटरीवरचे व्होल्टेज पाहून समाधान मानू नये. जुन्या गाडीत कितीतरी जोड, फ्यूज आणि स्विच ओलांडून वीज मागे पोहोचते आणि प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळत जाते. तीन व्होल्ट कमी मिळाले की पंपाची क्षमता इतकी घटते की चांगला पंपही सदोष वाटू लागतो.

तिसरी, प्रत्यक्ष प्रवाह. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरची रिटर्न नळी (जास्तीचे इंधन टाकीकडे परत नेणारी) मोजपट्टी असलेल्या कॅनमध्ये सोडावी, रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीवर हातपंपाने ०.६ बार हवेचा दाब द्यावा, बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज टिकवावे आणि पंप एक मिनिट चालवावा. जितके इंधन कॅनमध्ये आले तितकी ३.६ बार दाबाला त्या संपूर्ण व्यवस्थेची, म्हणजे टाकी, पाइप, फिल्टर, पंप आणि वायरिंग यांची एकत्रित क्षमता. ही चाचणी उघड्या जागेत, ठिणगीपासून दूर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावी.

माझी शंका पंपाच्या आधीच्या भागावर अधिक आहे. हे पंप ढकलण्याचे काम उत्तम करतात, ओढण्याचे नाही. अरुंद पाइपातून, टाकीच्या तळापेक्षा वरच्या पातळीवरून इंधन ओढावे लागले की ओढीच्या बाजूला दाब घटतो, इंधनात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पंप द्रवाऐवजी फेस ढकलू लागतो. उन्हात उभी केल्यावर आयडल अडखळणे हे लक्षणही त्याच दिशेने बोट दाखवते.


उत्तर : मिलिसेकंद

दाबमापक यांनी मांडलेल्या क्रमाशी मी सहमत आहे, पण इंजेक्टरच्या निवडीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण दाब दुरुस्त झाला तरी १८० अश्वशक्तीसाठी ३१० सीसी पुरणार नाहीत.

त्याच हिशेबाने १८० ला ताशी ४८.६ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे ११०० सीसी इंधन लागेल. चार इंजेक्टरांत वाटून आणि ड्युटी ८० टक्क्यांच्या आत ठेवून प्रत्येकी सुमारे ३४५ सीसी होतात. थंड हवेतील वाढीव गरज, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आणि थोडी राखीव जागा धरली तर ४२० ते ४५० सीसीचा इंजेक्टर योग्य ठरेल. १००० सीसीचा इथे उपयोग नाही, आणि त्यामागचे कारण आयडलमध्ये दडलेले आहे.

आपल्या आकाराच्या इंजिनाला आयडलवर प्रत्येक सिलिंडरमागे एका चक्रात अंदाजे दहा मिलिग्रॅम इंधन लागते. ३१० सीसीच्या इंजेक्टरला तेवढ्यासाठी सुमारे अडीच मिलिसेकंद उघडे राहावे लागते, ४४० सीसीच्या इंजेक्टरला पावणेदोन, आणि १००० सीसीच्या इंजेक्टरला जेमतेम ०.८ मिलिसेकंद. आता समजा, डेड टाइमच्या आकड्यात ०.१ मिलिसेकंदाची चूक आहे. पहिल्या इंजेक्टरवर तिचा परिणाम चार टक्के होतो, शेवटच्यावर तेरा टक्के. दिवे लावले, कूलिंग फॅन सुरू झाला, व्होल्टेज थोडे खाली आले की मिश्रण हलणार आणि आयडल वरखाली होणार. शिवाय अतिशय लहान पल्सला (उघडे राहण्याच्या एका झटक्याला) इंजेक्टर सरळ रेषेत वागत नाही. वेळ दुप्पट केली म्हणून इंधन दुप्पट होत नाही.

हे खरे की नव्या पिढीचे मोठे इंजेक्टर या बाबतीत जुन्यांपेक्षा पुष्कळ चांगले आहेत. त्यांच्या तोंडाशी अनेक बारीक छिद्रे असतात, फवारा सूक्ष्म असतो आणि लहान पल्सलाही ते बऱ्यापैकी प्रामाणिक राहतात. म्हणूनच ज्यांना पुढे जास्त इथेनॉलचे इंधन वापरायचे आहे, त्यांना मी मोठे इंजेक्टर घेऊ नका असे सांगत नाही. आपले लक्ष्य मात्र १८० चे आहे. आणि हे वाचणाऱ्या ज्या सदस्यांकडे कॅम सेन्सर नाही, ज्यांचे इंजेक्टर एका चक्रात दोनदा उघडतात, त्यांनी वरचा प्रत्येक पल्स निम्मा धरावा. १००० सीसीच्या इंजेक्टरला ०.४ मिलिसेकंदात आयडल सांभाळायला लावणे व्यवहार्य नाही.

विकत घेताना प्रवाहाच्या आकड्याइतकेच महत्त्व त्याच्यासोबत मिळणाऱ्या माहितीला द्यावे. प्रवाह कोणत्या दाबाला मोजला आहे, वेगवेगळ्या व्होल्टेजला डेड टाइम किती आहे, आणि चारही इंजेक्टर एकत्र तपासून जुळवलेले आहेत का, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या इंजेक्टरचा डेड टाइम उपलब्ध नाही तो कितीही आकर्षक वाटला तरी मी घेत नाही. ओममीटरने रोध तपासायलाही विसरू नये. १२ ते १६ ओमचे हाय इम्पीडन्स इंजेक्टर बहुतेक ईसीयू थेट चालवतात. २ ते ३ ओमच्या लो इम्पीडन्स इंजेक्टरना पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त, मग कमी विद्युतप्रवाह देणारा) किंवा मालिकेत रोधक लागतो, अन्यथा ईसीयूचे आउटपुट जळू शकते.

फवाऱ्याची दिशाही पाहावी. आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला इनटेक व्हॉल्व्ह एकच असतो, त्यामुळे एकाच शंकूत पडणारा फवारा हवा. दोन इनटेक व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी बनवलेला दुभंगलेला फवारा अशा इंजिनात पोर्टच्या भिंती ओल्या करतो आणि मग थंड इंजिनाचे ट्यूनिंग अकारण कठीण होऊन बसते.


जुनेइंजिन

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजण्या केल्या आणि त्यांचे निष्कर्ष इथे नोंदवतो.

रेलचा दाब बूस्ट आल्यावर ३.६ बारपर्यंत पोहोचतो, पण ४३०० च्या पुढे घसरू लागतो आणि ५५०० ला २.५ बार उरतो. म्हणजे फरक १.९ बारचा, वर्तवलेला अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला. त्या वेळी बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि पंपावर १०.८.

प्रवाहाच्या चाचणीत ३.६ बारला मूळ वायरिंगवर मिनिटाला ७०० सीसीच्या आसपास इंधन मिळाले. बॅटरीवरून जाड वायर थेट पंपाला जोडल्यावर ते १२०० च्या थोडे पुढे गेले. त्यानंतर पंपाला जुन्या पाइपाऐवजी उंचावर ठेवलेल्या कॅनमधून रुंद नळीने इंधन दिले, तेव्हा ते १७०० सीसीजवळ पोहोचले. टाकीतली जाळी काढून पाहिली, ती गंजाच्या भुकटीने निम्मी बुजलेली होती.

आता पंप तोच ठेवावा का, आणि टाकीकडची बाजू कशी सुधारावी?


उत्तर : दाबमापक

इतक्या व्यवस्थित मोजण्या केल्याबद्दल आपले अभिनंदन. या आकड्यांनंतर वादाला जागाच उरत नाही. पंप बदलण्याची गरज नाही. त्याची क्षमता १७०० आहे आणि आपली पुढची गरज ११००. ताशी २५५ लिटरचा पंप इथे अनावश्यक मोठा आहे. जास्तीचे सारे इंधन रेलमधून फिरून परत जाते, प्रत्येक फेरीत इंजिनाजवळची उष्णता घेऊन येते, आणि जुनी बारीक रिटर्न लाइन त्याला वाट देऊ शकली नाही तर आयडलवर दाब वाढून बसतो.

वायरिंगपासून सुरुवात करावी. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून किमान ४ चौरस मिमीची वायर मागे, पंपाजवळ रिले, आणि रिले चालवण्यासाठी मूळ वायरचा फक्त सिग्नल म्हणून वापर. अर्थिंगही तितक्याच जाड वायरने, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर किंवा थेट बॅटरीवर आणावे. अर्थिंगच्या बाजूला गळणारे व्होल्टेज अनेकांच्या नजरेतून सुटते. रिलेचा ताबा ईसीयूकडे ठेवावा, म्हणजे इंजिन बंद पडताच पंप बंद होईल. त्याच साखळीत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विचही घालावा. अपघातानंतर सुरूच राहिलेला ३ बारचा पंप काय करू शकतो, हे सांगायला नको.

टाकीच्या बाजूला दोन मार्ग आहेत. टाकीत पडदे आणि संप (इंधन साचून राहणारा खोलगट भाग) बनवून पंप आतच बसवणे हा उत्तम मार्ग, पण जुनी टाकी कापणे आणि वेल्डिंग करणे हे ज्याला त्यातले पक्के ज्ञान आहे त्यानेच करावे. रिकामी दिसणारी टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते आणि ती स्फोटक असते.

दुसरा मार्ग म्हणजे सर्ज टँक, आणि आपल्यासाठी मी तोच सुचवेन. कमी दाबाचा एक लिफ्ट पंप टाकीतून इंधन ओढून दीड-दोन लिटरच्या लहान उभ्या टाकीत भरतो. मुख्य पंप तिच्या तळातून इंधन घेतो. रेग्युलेटरची रिटर्न याच लहान टाकीत वरच्या बाजूने येते आणि सर्वांत वरच्या तोंडातून जास्तीचे इंधन व बुडबुडे मोठ्या टाकीकडे परत जातात. त्यामुळे मुख्य पंपाला कायम बुडबुड्यांविना, तळाशी साचलेले इंधन मिळते आणि टाकी पाव भरलेली असताना वळणावर इंधन बाजूला सरकले तरी इंजिनाला ते जाणवत नाही. लिफ्ट पंपाने मुख्य पंपाइतके इंधन फिरवण्याची आवश्यकता नसते. इंजिन प्रत्यक्ष जेवढे जाळते त्याच्या दीडपट दिले तरी पुरते. लिफ्ट पंप शक्य तितका टाकीजवळ आणि खालच्या पातळीवर बसवावा. जुना ६ मिमीचा पाइप काढून तिथे आतून किमान ८ मिमीचा घालावा.

फिल्टरच्या बाबतीत नियम सोपा आहे. पंपाच्या आधी जाड जाळीचा, साधारण १०० मायक्रॉनचा. पंपानंतर बारीक, १० मायक्रॉनच्या आसपासचा. बारीक फिल्टर ओढीच्या बाजूला लावला की आपण आता जी अडचण सोडवत आहोत तीच पुन्हा निर्माण होते. टाकी आतून साफ करणे अर्थातच या सगळ्याच्या आधी.

सर्ज टँक एक्झॉस्टपासून दूर ठेवावा. तो डिकीत बसवणार असाल तर बाहेर वाट असलेल्या बंद पेटीत बसवावा, केबिनशी जोडलेल्या उघड्या जागेत नाही.


उत्तर : मिलिसेकंद

आता ट्यूनिंगविषयी. आपला जुना तक्ता घसरलेल्या दाबावर बनलेला आहे. वरच्या भारात त्यात भरलेले जादा आकडे दाब सुधारल्यानंतर मिश्रण फार रिच (इंधन जास्त असलेले) करतील, म्हणून तो पुढे चालवू नये. तो भाग नव्याने बांधावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी ईसीयूमध्ये इंजेक्टरचा प्रवाह, मूळ दाब आणि व्होल्टेजनुसार डेड टाइम अचूक भरावा. डेड टाइम बरोबर आहे की नाही हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. इंजिन गरम असताना, लॅम्डाची, म्हणजे एक्झॉस्टमधल्या सेन्सरवरून होणारी मिश्रणाची, आपोआप दुरुस्ती बंद ठेवून, आयडलवर सर्व विजेची उपकरणे एकेक करून सुरू करावीत. व्होल्टेज घसरताना मिश्रण लीन होत गेले तर कमी व्होल्टेजचा डेड टाइम कमी भरला आहे. रिच होत गेले तर जास्त. हे नीट बसल्याशिवाय पुढे गेल्यास डेड टाइमची चूक तक्त्यातील आकड्यांमध्ये मिसळून जाते, आणि नंतर ती वेगळी काढणे अतिशय कष्टाचे होते.

त्यानंतर स्थिर भार. आयडल, मग सपाट रस्त्यावरचा संथ वेग, मग हलका चढ, असे एका वेळी तक्त्याच्या एकाच चौकटीत इंजिन काही क्षण स्थिर ठेवून आकडे बसवावेत. शक्य असेल तर हे काम डायनोवर (गाडी जागेवरच भाराखाली चालवणाऱ्या चाचणीयंत्रावर) करावे. तिथे भार हवा तितका वेळ धरून ठेवता येतो. वेगाने जाणाऱ्या इंजिनाचे वाचन लॅम्डा सेन्सरपर्यंत थोडे उशिरा पोहोचते, हे लक्षात ठेवले नाही तर शेजारच्या चौकटीतला दोष आपण भलत्याच चौकटीत दुरुस्त करतो.

साध्या पेट्रोलवर माझी उद्दिष्टे अशी असतात : आयडलला १३.८ ते १४.५, समान वेगाच्या प्रवासाला १४.७ किंवा त्याहून किंचित लीन, बूस्ट नसताना पूर्ण थ्रॉटलला १२.८ च्या आसपास, आणि बूस्टखाली ११.५ ते १२. यापेक्षाही रिच ठेवणे म्हणजे अधिक सुरक्षित, असा समज आहे, पण तो सरसकट खरा नाही. अती रिच मिश्रण सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि स्पार्क चुकवते.

याच ठिकाणी वाइडबँड सेन्सरच्या एका मर्यादेकडे लक्ष वेधते, कारण तिच्यामुळे अनेकांची दिशा चुकते. हा सेन्सर इंधन मोजत नाही. एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन आहे यावरून तो प्रमाण काढतो. अती रिच मिश्रणामुळे किंवा अशक्त स्पार्कमुळे एखादा सिलिंडर पेटलाच नाही, तर त्यातला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि सेन्सर लीन दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून आणखी इंधन घातले की स्थिती अधिकच बिघडते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तरीही, विशेषतः आयडलवर, हाच भास होतो. म्हणून वाचन अचानक उडी मारून लीन झाले तर आधी प्लग, कॉइल आणि गॅस्केट पाहावेत. हळूहळू, आरपीएमसोबत चढत जाणारे लीन वाचन मात्र बहुतेक वेळा इंधनाच्या कमतरतेचेच असते. आपल्या बाबतीत तेच झाले.

बूस्टचा भाग सर्वांत कमी बूस्टने, म्हणजे केवळ वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादित ठेवणाऱ्या टर्बोच्या झडपेच्या) स्प्रिंगवर, सुरू करावा. इग्निशन टायमिंग सुरुवातीला मागे ठेवावे आणि इंधन पक्के झाल्यावरच थोडे थोडे पुढे आणावे. प्रत्येक फेरीत रेलचा दाब लॉगमध्ये असलाच पाहिजे. ईसीयूमध्ये सोय असेल तर मॅनिफोल्ड आणि रेल यांच्यातील फरक, समजा, २.६ बारच्या खाली गेला की बूस्ट बंद करणारी मर्यादा घालून ठेवावी. फिल्टर पुन्हा केव्हा बुजेल हे कोणी सांगू शकत नाही, पण तसे झालेच तर इंजिन वाचेल.

थ्रॉटल झटकन दाबल्यावर लागणारे जादा इंधन आणि थंड इंजिनाचे जादा इंधन, या दोन गोष्टी अगदी शेवटी. मूळ तक्ता कच्चा असताना त्या बसवल्या तर त्या तक्त्यातल्या उणिवा झाकतात. थंड इंजिनाचे काम तर घाईने होतच नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मिळणाऱ्या पहिल्या काही मिनिटांतच ते करावे लागते.


उत्तर : रबरीनळी

वर कोणी फारसे लिहिलेले नाही म्हणून नळ्या आणि इंधनाविषयी थोडेसे. कार्ब्युरेटरच्या व्यवस्थेत दाब ०.३ बारच्या आसपास असतो आणि त्या काळातली नळी इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेली नसते. मुख्य पंपानंतर एसएई जे३० आर९ प्रतीची इंजेक्शन नळीच वापरावी, आणि इंधनात बुडणारा तुकडा आर१० प्रतीचा असावा, कारण साधी नळी बाहेरून इंधनात बुडून राहिली की फुगते. क्लॅम्पही कडा गुळगुळीत असलेले इंजेक्शनचे घ्यावेत. खाचांचे साधे क्लॅम्प रबर कापतात. धातूच्या पाइपाच्या टोकाला फुगीर कडा नसेल तर कोणताही क्लॅम्प तिथे फार काळ भरवशाचा राहत नाही.

इथेनॉल मिसळलेले पेट्रोल वापरत असाल तर जुन्या रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि वर्षानुवर्षे टाकीत चिकटून बसलेला मळ सोडवते, त्यामुळे पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर आवर्जून तपासावा. ट्यूनिंगच्या दृष्टीने शुद्ध पेट्रोलचे योग्य प्रमाण १४.७, दहा टक्के मिश्रणाचे सुमारे १४.१ आणि ८५ टक्क्यांचे ९.८ च्या आसपास असते. म्हणून उद्दिष्टे हवा-इंधन प्रमाणाऐवजी लॅम्डामध्ये (प्रत्यक्ष प्रमाणाला त्या इंधनाच्या योग्य प्रमाणाने भागून) लिहिणे अधिक बरे. बूस्टखालचे ०.८० लॅम्डा हे उद्दिष्ट इंधन थोडे बदलले तरी तेच राहते.


जुनेइंजिन

सर्वांचे आभार. वायरिंग, सर्ज टँक आणि ४४० सीसीचे इंजेक्टर, या क्रमाने काम सुरू करतो. एक शेवटची शंका : रिटर्न लाइन मूळचीच बारीक आहे. ती बदलणे आवश्यक आहे हे कसे ओळखावे?


उत्तर : दाबमापक

इंजिन आयडलवर असताना रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचे टोक बोटाने बंद करावे आणि रेलचा दाब पाहावा. आयडलला इंजिन फारच थोडे इंधन घेते, त्यामुळे जवळजवळ सगळा प्रवाह रिटर्नमधूनच जात असतो. रेग्युलेटर ३ बारला बसवलेला असताना दाब ३ च दिसला, तर रिटर्न पुरेशी आहे. तो ३.३ किंवा ३.४ दिसला आणि रेग्युलेटरचा स्क्रू सैल करूनही खाली येत नसेल, तर अडथळा रिटर्नमध्ये आहे आणि ती रुंद करावी लागेल. नवी वायरिंग झाल्यावर ही चाचणी पुन्हा करावी, कारण पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर तोच पंप आजच्यापेक्षा बरेच जास्त इंधन परत पाठवेल. सर्ज टँकमुळे रेग्युलेटरपासूनची रिटर्न आता लहान टाकीपर्यंतच न्यायची आहे, तेव्हा तेवढा भाग नव्याने ८ मिमीचा टाकून घ्यावा.